वेळ घेऊनही ताटकळत बसावं लागतं, काय करू?

प्रश्न: आईला बीपी-शुगरसाठी दर महिन्याला डॉक्टरांकडे नेते, फोनवर अपॉइंटमेंट घेऊनही तासभर बसावं लागतं, तिला ते झेपत नाही हो.

उत्तर: ताई, सकाळची अगदी पहिली वेळ मागा, कारण प्रत्येक पेशंटला थोडा थोडा जास्त वेळ लागला की तो उशीर साचत जातो आणि शेवटच्यांना सगळा भोगावा लागतो. उपाशीपोटी शुगर बघायची असेल तर निदान ८ तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं, म्हणून पण सकाळच बरी. नुसतं रुटीन चेकअप आहे की नवीन तक्रारही आहे ते बुकिंग करतानाच सांगा, आणि निघण्याआधी फोन करून डॉक्टर वेळेवर आहेत का विचारा. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कॅन्सल करा, दुसऱ्या कुणाला ती वेळ मिळेल. छातीत दुखलं तर मात्र अपॉइंटमेंट वगैरे बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.