हातोड्यात डिझाइन करण्यासारखं काय असतं?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत. पण वर्षभर तिच्या डोक्यात एकच खूळ बसलंय, जमिनीत पाइप ठोकायचे जे हवेवर चालणारे हातोडे असतात ते डिझाइन करायचे. असे हातोडे दुरुस्त करणाऱ्या आणि बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सहा आठवड्यांचं ट्रेनिंग आहे, त्याच्या फॉर्मवर पालकांची सही लागते, मी केलेली नाही. तिथूनच आणलेला पिस्टनचा एक तुटका तुकडा रात्री टेबलावर ठेवून बघत बसायची, शेवटी मी तो माळ्यावर टाकला. हातोड्यात डिझाइन करण्यासारखं काय असतं? तिने सॉफ्टवेअरचा कोर्स करावा असं आम्हाला वाटतं. चारचौघांत काय सांगायचं, मुलगी हातोडे बनवते? आजकाल ती घरात फारशी बोलत नाही, ते सोडा, पण तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘ते सोडा’पाशी अडकले. मला ते सोडता येत नाही. वीस वर्षांची मुलगी, अभ्यासात चांगली, घरात बोलायची बंद झालीय, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, सही आणि सॉफ्टवेअरच्या मधे कुठेतरी. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मार्कांची काळजी खूप असते, बोलणं बंद झाल्याची काळजी फार कमी लोक करतात, आणि मुलं हातातून जातात ती बहुतेक वेळा मार्कांमुळे जात नाहीत. तिने भांडण केलं असतं तर मी निश्चिंत असते. गप्प बसली म्हणजे या घरात बोलून उपयोग नाही असं तिने ठरवून टाकलंय, आणि तो तुकडा माळ्यावर गेला त्या दिवशी ते आणखी पक्कं झालं असणार.

तर तिला समजावून सांगायचं काम मी करणार नाही. तिने मला काही विचारलेलंच नाहीये. तुम्ही विचारलंय, म्हणून तुमच्याशीच बोलते, थोडं कडक वाटलं तर वाटू दे.

आधी तो तुकडा. मी तो पाहिलेला नाही, पण हातोड्याचा पिस्टन, म्हणजे हवेच्या दाबाने आत पुढे-मागे जाऊन ठोका देणारा जड दांडा, तुटतो कसा हे मला माहितीय. समजा मिनिटाला दोनशे ठोके, म्हणजे तासाला बारा हजार, शंभर तासांत बारा लाख. एका ठोक्याने पोलाद तुटत नाही, पण कुठेतरी एखादा कोपरा धारदार राहिलेला असतो, किंवा मशीनिंग करताना पडलेला बारीक ओरखडा, तिथून केसाएवढा तडा सुरू होतो आणि ठोक्यागणिक थोडा थोडा आत सरकतो. तुटल्यावर तो भाग हातात घेऊन उजेडात तिरका धरला तर तुटलेली बाजू अर्धी गुळगुळीत दिसते, त्यावर शिंपल्यासारख्या अर्धगोल रेघा असतात, आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार, कारण तो शेवटी एकदम गेला. त्या रेघांच्या मागे मागे जात राहिलं की त्या एका जागेपाशी पोचता येतं जिथून सगळं सुरू झालं. तुमची मुलगी रात्री टेबलाशी बसून बहुतेक हेच शोधत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, परीक्षेला येणार नव्हतं. करिअर मार्गदर्शन करताना आम्ही ज्या गोष्टीची वाट बघत असतो ना, की मूल स्वतःहून कशापाशी थांबतं, ती गोष्ट तुमच्या घरात टेबलावर होती, दादा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, की हातोड्यात डिझाइन काय करायचं. हा गैरसमज खूप लोकांचा आहे, इंजिनिअर लोकांचासुद्धा, की हातोडा म्हणजे जोर, जोर कमी पडला तर अजून जोरात मारा. तसं होत नाही. पोलादावर पोलाद आदळलं की आत ताणाची लाट तयार होते आणि ती सेकंदाला साधारण पाच किलोमीटर वेगाने पुढे जाते. पिस्टन आणि पाइप दोन्हींच्या पोलादाचं क्षेत्रफळ सारखं धरलं तर आदळण्याचा वेग जितके मीटर प्रतिसेकंद, त्याच्या सुमारे वीसपट मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण पाइपात येतो. आता शंभर किलोचा पिस्टन दहा मीटर प्रतिसेकंदाने मारला तर ऊर्जा पाच हजार ज्यूल, आणि चारशे किलोचा पाच मीटरने मारला तरी पाच हजारच. पण पहिल्यात ताण दोनशे मेगापास्कल, दुसऱ्यात शंभर. साधं पोलाद अडीचशेच्या आसपास कायमचं वाकायला लागतं, म्हणजे पहिला हातोडा पाइपाचं तोंड चेपायच्या अगदी जवळ आलाय आणि दुसऱ्याकडे अजून बरीच जागा आहे, ऊर्जा तेवढीच असून. जेम्स नॅस्मिथ या इंजिनिअरने १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या गोदीत वाफेचा हातोडा लावून लाकडी खांब ठोकला तेव्हा त्याचं म्हणणं हेच होतं, की हलकं वजन उंचावरून आपटलं की खांबाचं डोकं फुटतं, जड वजन थोड्या उंचीवरून भराभर मारा. त्याचा खांब साडेचार मिनिटांत खाली गेला, जुन्या पद्धतीवाल्यांना बारा तासांहून जास्त लागले.

आणि हे फक्त सुरुवातीचं झालं. तीस मीटरच्या पाइपाला मागून ठोका दिला तर पुढच्या टोकाला तो कळायला सहा मिलिसेकंद लागतात, तोवर मागचं टोक आपलं हलून शांतही झालेलं असू शकतं, म्हणजे सगळा पाइप एकदम सरकतो हे आपलं चित्रच चुकीचं. हातोड्याचं निमुळतं नाक आणि पाइप यांच्यामध्ये शंकूच्या आकाराचे तुकडे बसवतात, ते नीट बसले नाहीत तर ऊर्जा तिथेच खाल्ली जाते. कित्येक हातोड्यांत वेगळा व्हॉल्व्हच नसतो, पिस्टन पुढे-मागे जाताना स्वतःच आपली भोकं उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे भोक काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर ठोका मऊ पडतो किंवा यंत्र मध्येच अडकून सुरूच होत नाही. बाहेर पडणारी हवा प्रसरण पावताना इतकी गार होते की तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ होऊन वाट तुंबते. पाइपाचं पुढचं तोंड उघडं ठेवतात, माती आत येते आणि नंतर काढतात, कारण तोंड बंद ठेवलं तर मोठ्या पाइपाला वरची जमीन फुगते, आणि वर रेल्वेचा रूळ असेल तर ते कोणालाच परवडणार नाही. मुळात हे तंत्र वापरतातच त्यासाठी, रस्ता किंवा रूळ न खोदता खालून पाइप न्यायला.

‘चारचौघांत काय सांगायचं’ याबद्दल एकच गोष्ट सांगते. नासाच्या इनसाइट यानाने मंगळावर एक छोटा हातोडा नेला होता, जर्मनीच्या अवकाश संस्थेने बनवलेला, साधारण चाळीस सेंटिमीटर लांबीचा, स्वतःला आतून ठोकत ठोकत पाच मीटर खाली जायचं असं ठरलं होतं. फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाला, जानेवारी २०२१ ला प्रयत्न सोडून दिला, तेव्हा जेमतेम पृष्ठभागाखाली गेला होता. कारण काय, तर तिथल्या मातीने त्याला बाजूने पुरेसं धरूनच ठेवलं नाही, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला तो मागे उसळत राहिला. पाइप ठोकताना जे घर्षण शत्रू असतं तेच तिथे हवं होतं. जगातली हुशार माणसं जवळजवळ दोन वर्षं या एका हातोड्यापाशी बसली होती. चारचौघांत सांगायला लाज वाटावी असं यात मला तरी काही दिसत नाही. आणि मुलगी आहे म्हणून अडचण असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं होतं, मुलगा असता तर ‘हातोडे बनवते’ हे वाक्य तुम्ही लिहिलं असतं का, हे स्वतःशी एकदा बघा.

रस्ता म्हणाल तर सरळ आहे, मेकॅनिकलची पदवी पूर्ण करायची, मग हवं तर मशीन डिझाइनमध्ये मास्टर्स.

आता बाळा, हे पत्र बाबा तुला दाखवतील अशी आशा आहे, म्हणून चार शब्द तुझ्यासाठी. हातोड्याचं डिझाइन या नावाची पदवी नाही आणि ‘मला फक्त हेच करायचंय’ म्हणून शोधायला गेलीस तर जागा थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. म्हणून नाव हातोड्याचं धरू नकोस, त्याच्या आतलं धर. आघात, लाटा, फटीग (म्हणजे ठोक्यागणिक तडा वाढत जाऊन धातू तुटणं), दाबाखालची हवा, झीज. हे ज्याला येतं त्याला खडक फोडणारी ड्रिल, पाइलिंगचे म्हणजे पायाचे खांब (पाइल) जमिनीत ठोकायचे हातोडे, ब्रेकर, खाणीतली यंत्रं, सगळीकडे काम आहे. पहिली दोन-तीन वर्षं साइटवर आणि दुरुस्तीच्या टेबलावर काढ, डिझाइन ऑफिसमध्ये लगेच बसायची घाई करू नकोस, कारण तुटलेलं यंत्र उघडून न बघितलेला माणूस भोक कुठे पाडायचं ते ड्रॉइंगवर ठरवू शकत नाही. कानाचं रक्षण पहिल्या दिवसापासून कर, या आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही, कोणी तिथे ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणालं तरी इअरमफ काढायचे नाहीत.

आणि बाबांचं एक म्हणणं मला पटतं, ते रागाने टाकून देऊ नकोस. प्रोग्रॅमिंग शीक. १९६० मध्ये ई. ए. एल. स्मिथ यांनी पाइल ठोकण्याचं गणित कॉम्प्युटरवर सोडवायची पद्धत छापली, अख्ख्या पाइलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक वजन आणि मधे स्प्रिंग, आणि लाट एकेका तुकड्यातून पुढे जाताना बघायची. ते तू सुट्टीत स्वतः लिहून बघू शकतेस, शंभरेक ओळी होतील. नोकरी बदलण्यासाठी म्हणून शिकू नकोस, तुझ्याच कामासाठी शीक.

दादा, परत तुमच्याकडे येते. सॉफ्टवेअरचा कोर्स चांगला की वाईट हा वाद आत्ता घालूच नका, तो सहा महिन्यांनी घातला तरी चालेल. आज माळ्यावरून तो तुकडा काढा, पुसा आणि तिच्या टेबलावर ठेवा. ‘सॉरी’ म्हणता येत नसेल तर नका म्हणू, पण तडा कुठून सुरू झाला ते दाखव म्हणून विचारा आणि ती दाखवेपर्यंत शेजारी बसा. पहिल्या दिवशी कदाचित नाही दाखवणार. दुसऱ्या दिवशी परत विचारा. फॉर्मवर सही मात्र त्या आधी करा, ती बोलली तर करीन असं मनात ठेवू नका. तारीख निघून गेली तर ते सहा आठवडे परत मिळणार नाहीत.