हात कमी पडतो, की साधने?

प्रश्न : पती पुण्यात नोकरीला असल्यामुळे आमची अडीच एकर कोरडवाहू शेती मी एकटी पाहते. शेजारच्या भावकीच्या शेतात सोयाबीनचा उतारा दरवर्षी माझ्यापेक्षा जास्त येतो आणि ‘बाईला शेती जमत नाही’ असे घरात ऐकावे लागते. स्त्रियांची शेती खरोखरच कमी पिकते का?
— एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : आकडे तसे सांगतात खरे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, सारख्याच आकाराच्या शेतांची तुलना केली तरी स्त्रिया कसत असलेल्या शेतांची उत्पादकता पुरुषांच्या शेतांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरते. मात्र स्त्रियांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांचे उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकेल, असे याच संघटनेने २०११ मध्ये मांडले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून घरच्यांना दाखवावेत.

एकरी किती पिकले आणि हाती असलेल्या साधनांतून किती पिकवले, हे दोन वेगळे हिशेब आहेत. आपल्याकडे पहिलाच मांडला जातो. सोयाबीनच्या बाबतीत बरेच काही पेरणीच्या दिवसावर ठरते. पुरेसा पाऊस झाला की ट्रॅक्टर आधी मोठ्या खातेदारांकडे जातो आणि एकट्या बाईचा नंबर येईपर्यंत वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मोडलेला असतो; पुढे कोळपणीलाही मजूर शेवटीच मिळतात, आणि तण काही कोणासाठी थांबत नाही. म्हणून यंदा दोन्ही शेतांच्या पेरणीच्या व कोळपणीच्या तारखा आणि खताच्या गोण्या वहीत लिहून ठेवा, मगच उताऱ्याची तुलना करा.

बियाणे घरचे असेल तर पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले, तर त्या प्रमाणात एकरी बियाणे वाढवावे लागेल.

आणखी एक गोष्ट सातबाऱ्याची. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील खातेदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. राबणाऱ्या किती, हे सांगायला नकोच. महाराष्ट्रात लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पतीने स्वतः अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. नाव लागले की पीककर्ज किंवा अनुदान मागताना तुमच्या हाती स्वतःचा कागद असेल. पती सुटीवर गावी येतील तेव्हा हा अर्ज तलाठ्याकडे देऊन पोच घ्यावी.