परतीचा हुकूम हातात असताना तह करणारा निकोलस ट्रिस्ट

तुम्ही विचारलंय, "१९व्या शतकातला असा कोणता अमेरिकन मुत्सद्दी आहे, ज्याचं काम फार मोठं पण नाव कुणालाच ठाऊक नाही?" माझं उत्तर आहे निकोलस ट्रिस्ट.

मी जिल्हा कोषागारात ३१ वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर काही महिने मुलीकडे सॅन डिएगोला राहिलो. अमेरिका-मेक्सिको सीमेचं कुंपण तिथे वाळूवरून थेट प्रशांत महासागराच्या पाण्यात उतरतं. पलीकडे तिहुआनाची घरं दिसतात. सीमा नेमकी इथेच का, हे मी शोधायला लागलो, तेव्हा अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८च्या ग्वादालूपे इदाल्गो तहातलं कलम सापडलं: सॅन डिएगो बंदराच्या दक्षिण टोकापासून एक सागरी लीग, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर, दक्षिणेकडे. अमेरिकेच्या वतीने त्या तहावर सही करणाऱ्या माणसाला कार्यमुक्तीचा आदेश अडीच महिने आधीच मिळालेला होता. सारी उमर सरकारी आदेश पाळण्यात गेलेल्या मला हे वाचून झोप आली नाही.

ट्रिस्ट १८०० साली व्हर्जिनियात जन्मला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला, पण शिक्षण अर्धवट सोडलं. मग माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या हाताखाली कायदा शिकला आणि १८२४मध्ये त्यांच्या नातीशी, व्हर्जिनिया रँडॉल्फशी, लग्न केलं. म्हातारपणी जेफरसन यांचा पत्रव्यवहार तोच बघायचा. १८२६च्या ३ जुलैच्या रात्री तो त्यांच्या मृत्युशय्येपाशी होता. स्वातंत्र्यदिनापर्यंत जगायचं, ही म्हाताऱ्याची आस. "आज चार तारीख ना?" असं त्यांनी विचारलं. मध्यरात्र झाली नव्हती. ट्रिस्ट आधी गप्प राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. फसवणं जिवावर आलं होतं, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. पुढची हकीकत वाचताना मला ही रात्र सारखी आठवत राहते.

परराष्ट्र खात्यात कारकुनी, काही काळ राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा सचिव, आणि १८३३ ते १८४१ क्युबातल्या हवानात कॉन्सुल, म्हणजे वाणिज्यदूत, अशी त्याची नोकरी झाली. हवानातला काळ मात्र डागाळलेला आहे. गुलामांच्या चोरट्या व्यापारातल्या जहाजांना त्याच्या कचेरीतून कागदपत्रं मिळत होती, असे आरोप झाले आणि त्यांची चौकशीही झाली. मी त्याला थोर मानतो, तरी हे झाकून पुढे जाणार नाही.

१८४५मध्ये तो परराष्ट्र खात्याचा मुख्य लिपिक झाला. नाव ऐकून आपल्या डोळ्यांपुढे हेडक्लार्क येतो, पण तिथे परराष्ट्रमंत्र्याच्या खालोखाल हेच पद होतं. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी एप्रिल १८४७मध्ये त्याला तहाचा मसुदा देऊन रवाना केलं. त्याला स्पॅनिश उत्तम येत होतं.

तिथे पोचताच सेनापती विनफिल्ड स्कॉट यांच्याशी बिनसलं. युद्ध कधी थांबवायचं ते एक कारकून ठरवणार, अशी स्कॉट यांची समजूत झाली. दोघं एकाच छावणीत राहून एकमेकांना लांबलचक, जहरी पत्रं लिहीत होते. जुलैमध्ये पुएब्लाला ट्रिस्ट आजारी पडला. तेव्हा स्कॉट यांनी त्याच्यासाठी पेरूच्या मुरंब्याचा डबा पाठवला. त्यानंतर त्यांची जी मैत्री जमली ती कायमची.

१४ सप्टेंबर १८४७ला मेक्सिको सिटी पडली. पण वॉशिंग्टनला टपाल पोचायला कित्येक आठवडे लागत. पोक यांच्या कानावर गेली ती ऑगस्टमधली फिसकटलेली बोलणी. मेक्सिकोने पुढे केलेली सीमा ट्रिस्टने साफ फेटाळली नाही, वर ती वॉशिंग्टनला विचारार्थ पाठवली, याचा त्यांना संताप आला. शिवाय आता आणखी मुलूख घ्यावा, काहींच्या मते तर सगळा मेक्सिकोच घ्यावा, अशी हवा वॉशिंग्टनमध्ये तापत होती. ऑक्टोबरमध्ये परतीचा हुकूम निघाला. तो ट्रिस्टच्या हाती पडला १६ नोव्हेंबरला.

तो आधी निघायच्या तयारीला लागलाही होता. पण मेक्सिकोत नुकतंच नेमस्तांचं सरकार आलं होतं, केरेतारो शहरात. तह करायला तयार असलेली एवढीच मंडळी होती. ट्रिस्ट गेला असता तर ते सरकार कोसळलं असतं, मग तह करायला समोर कोणी उरलंच नसतं. युद्धाचं रूपांतर कायमच्या लष्करी अंमलात झालं असतं, गनिमी हल्ले आणि गावं जाळणं वर्षानुवर्षं चाललं असतं. जेम्स फ्रीनर या वार्ताहराने त्याला थांबण्याची गळ घातली. ६ डिसेंबरला ट्रिस्टने सरकारला ६५ पानांचं पत्र लिहिलं: मी येत नाही, तह करतो, पटला नाही तर नाकारा.

या पत्राचं मला फार मोल वाटतं. आदेश धाब्यावर बसवणारे खूप पाहिले, पण ते गुपचूप करतात. याने कारणांसह लेखी कळवलं आणि परिणामाची जबाबदारी स्वतःवर घेतली. शिवाय अटी ठरवताना त्याने आपल्याला दिलेल्या मूळ सूचनांची चौकट ओलांडली नाही.

२ फेब्रुवारी १८४८ला ग्वादालूपे इदाल्गो गावी सह्या झाल्या. दीड कोटी डॉलरच्या बदल्यात आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, शिवाय अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बराच भाग अमेरिकेला मिळाला. टेक्सास धरलं तर मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख गेला. नऊच दिवस आधी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं. सही करणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची गंधवार्ता नव्हती.

सहीच्या वेळी मेक्सिकोचे बर्नार्दो कोउतो म्हणाले की हा क्षण तुम्हाला जितका अभिमानाचा, तितकाच आम्हाला मानहानीचा. आपण शांतता करतोय, तेवढंच मनात ठेवू या, असं ट्रिस्ट म्हणाला. घरी मात्र त्याने सांगितलं, की त्या लोकांना माझ्या मनात डोकावता आलं असतं तर एक अमेरिकन म्हणून मला किती लाज वाटत होती ते त्यांना दिसलं असतं. हा तह न्याय्य होता असं मी म्हणणार नाही, ट्रिस्टही म्हणत नव्हता. तरी जे टळलं ते याहून भयंकर होतं, असं माझं पक्कं मत आहे.

तह वॉशिंग्टनला पोचवला फ्रीनरने. पोक पेचात पडले. ट्रिस्टचा त्यांना तिटकारा होता, पण कागदावर मूळ मागितलेलं सगळं होतं. जानेवारीतच प्रतिनिधिगृहाने हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं असा ठराव ८५ विरुद्ध ८१ मतांनी केला होता. त्या ८५ जणांत तरुण अब्राहम लिंकनही होते. नाकारायची सोयच नव्हती. १० मार्चला सेनेटने ३८ विरुद्ध १४ मतांनी तह मंजूर केला.

ट्रिस्टची नोकरी गेली. परतीचा हुकूम मिळाल्यानंतरच्या काळाचा पगार आणि खर्चही पोक यांनी नाकारला. ज्या कामाचं फळ सरकारने ठेवून घेतलं, त्याच कामाची मजुरी नाकारली. कोषागारात बसून थकबाकीची बिलं मंजूर करताना मी लोकांचे चेहरे पाहिलेत, म्हणून हे वाचताना आत काहीतरी तुटलं. बायकोने शाळा चालवली. तो स्वतः पुढे एका रेल्वे कंपनीत कारकुनी करत राहिला.

अखेर सेनेटर चार्ल्स समनर यांनी त्याचं प्रकरण लावून धरलं. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते युलिसीस ग्रँट, जे त्याच मेक्सिको युद्धात तरुण लेफ्टनंट म्हणून लढले होते. ग्रँट यांच्या कारकिर्दीत ट्रिस्टला व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या पोस्टमास्तरची जागा मिळाली आणि १८७१मध्ये, सहीनंतर २३ वर्षांनी, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याची थकबाकी मंजूर केली: साडेचौदा हजार डॉलरच्या आसपास. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. ११ फेब्रुवारी १८७४ला तो वारला.