कॅचरची योग्यता कशावरून ठरवावी?

प्रश्न : संपादक महोदय, सादर नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल असे दोन्ही संघ आहेत. पिचर (चेंडू टाकणारा) होण्यासाठी मुलांची रांग लागते, परंतु कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) होण्यास सहसा कोणी पुढे येत नाही. मास्क आणि पॅड बांधून खानदेशच्या उन्हात तासन् तास उकिडवे बसायचे आणि कौतुक मात्र दुसऱ्याचे व्हायचे, असे मुलांना वाटते. अमेरिकेतील सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा निवृत्त कॅचर यादिएर मोलिना याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, स्थान मिळावे की नाही, यावर सध्या त्यांच्यात वाद चालू आहे. त्याची फलंदाजी सरासरीच्याही खाली होती, मग हा मान कशासाठी, असे एका विद्यार्थ्याचे म्हणणे आहे. आपले मत कळवावे.
– एक क्रीडाशिक्षक, चाळीसगाव

उत्तर : मोलिनाला हा मान मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र आपल्या विद्यार्थ्याचा आक्षेप खोटा नाही, म्हणून आधी त्याचाच विचार करू.

मोलिना २००४ ते २०२२ असे १९ हंगाम एकाच संघाकडून खेळला. त्याच्या नावावर २,१६८ हिट (चेंडू मारून पुढच्या थांब्यापर्यंत, म्हणजे बेसपर्यंत, पोहोचणे) आणि १७६ होमरन (चेंडू मारून एका दमात सर्व बेस पार करणे) आहेत आणि त्याची फलंदाजीची सरासरी, म्हणजे संधींमागे हिटचे प्रमाण, ०.२७७ आहे. मैदान आणि काळ यांतील फरक वगळून फलंदाजी मोजण्याचे जे माप आहे, त्यात १०० म्हणजे सामान्य फलंदाज. मोलिना त्याच्या किंचित खाली राहतो. फलंदाजीसाठी गाजलेले कॅचर जॉनी बेंच किंवा माइक पियाझा यांच्या शेजारी हे आकडे ठेवले तर ते फिके दिसतात, हे मान्यच करावे लागेल. खेळाडूचे एकूण योगदान एका आकड्यात मांडणाऱ्या 'वॉर' या मापात, बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशेबाने, त्याला सुमारे ४२ गुण मिळतात, तर हॉलमधील कॅचरांची सरासरी ५३च्या आसपास आहे. केवळ याच आकड्यावर मत द्यायचे ठरवले, तर आपला विद्यार्थी जिंकतो.

परंतु हा आकडा काय मोजतो आणि काय सोडून देतो, हे पाहिले पाहिजे. कॅचर प्रत्येक चेंडूच्या आधी पिचरला खूण करतो, समोरच्या फलंदाजाची कमजोरी लक्षात ठेवतो आणि स्ट्राइकच्या (फलंदाजाविरुद्ध मोजल्या जाणाऱ्या योग्य चेंडूच्या) सीमेवरचा चेंडू अशा स्थिर हाताने झेलतो की पंचाचा कौल आपल्या बाजूने पडावा. क्रिकेटमधील यष्टीरक्षक गोलंदाजाला सल्ला देतो, पण पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे सहसा गोलंदाजच ठरवतो. बेसबॉलमध्ये मोलिनाच्या काळात हा निर्णय बहुतेक वेळा कॅचरच्या बोटांवर असे. सीमेवरचे चेंडू स्ट्राइक ठरवून घेण्याचे कौशल्य अलीकडे मोजता येऊ लागले आहे, आणि ते जमेस धरणाऱ्या फॅनग्राफ्स या दुसऱ्या संकेतस्थळाच्या हिशेबात मोलिनाचे गुण ५५च्या आसपास जातात. एकाच खेळाडूविषयी दोन जाणकार हिशेबांत एवढे अंतर पडते, यावरूनच कॅचरचे काम मोजणे किती अवघड आहे, हे ध्यानात यावे.

बेस चोरण्याचा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळण्याचा, प्रयत्न करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के धावपटू मोलिनाच्या फेकीवर बाद झाले. त्या काळातील इतर कॅचरांचे हे प्रमाण सरासरीने ३० टक्क्यांच्या आतच होते. याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याच्यासमोर चोरीचा प्रयत्नच फार कमी धावपटू करत. पहिल्या बेसवर पाय रोवून राहिलेल्या धावपटूमुळे पुढची किती धावसंख्या टळली, याची नोंद कॅचरच्या खात्यावर नीट होत नाही. मुलांना ही गोष्ट मैदानावर प्रत्यक्ष दाखवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण आकडेवारीच्या तक्त्यात ती त्यांना सापडणार नाही.

मोलिनाला क्षेत्ररक्षणासाठीचे नऊ गोल्ड ग्लव्ह आणि चार प्लॅटिनम ग्लव्ह पुरस्कार मिळाले. होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या जागेमागे, तो २,१८४ सामन्यांत उभा राहिला आणि एकाच संघासाठी इतके सामने दुसऱ्या कोणत्याही कॅचरने खेळलेले नाहीत. एका सामन्यात साधारण दीडशे चेंडू धरले, तरी हा हिशेब तीन लाखांच्या घरात जातो, आणि त्यातील बहुतेक चेंडूंच्या वेळी तो उकिडवा बसलेला होता. पिचर अॅडम वेनराइट आणि मोलिना यांच्या जोडीने ३२८ सामन्यांची सुरुवात एकत्र केली. पिचर मिकी लोलिच आणि कॅचर बिल फ्रीहान यांचा ३२४ सामन्यांचा जुना विक्रम त्यांनी २०२२मध्ये मोडला.

फलंदाज म्हणूनही तो मोक्याच्या वेळी उभा राहिला. २००६मध्ये नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात १–१ अशी बरोबरी असताना नवव्या डावात त्याने दोन धावांचा होमरन मारला. त्याच डावाच्या उत्तरार्धात तिन्ही बेस भरलेले असताना नवख्या वेनराइटने कार्लोस बेल्ट्रानला तीन चेंडूंत बाद केले, तेव्हा खुणा करणारा मोलिनाच होता. कार्डिनल्सने त्या वर्षी आणि पुन्हा २०११मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलची विजेतेपदाची मालिका, जिंकली. मतदारांनी खेळाबरोबर चारित्र्य आणि संघासाठीचे योगदानही पाहावे, असा हॉलचा नियम आहे. पोर्तो रिकोतील चक्रीवादळग्रस्तांसाठी केलेल्या कामानंतर मोलिनाला २०१८मध्ये समाजकार्यासाठी दिला जाणारा रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कार मिळाला, हेही येथे विचारात घ्यावे.

नियमाप्रमाणे निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते, त्यामुळे त्याचे नाव प्रथम २०२८च्या मतपत्रिकेवर येईल. निवडीसाठी क्रीडापत्रकारांची ७५ टक्के मते लागतात, आणि कॅचरांच्या बाबतीत हे मतदार फार कठोर राहिले आहेत. कॅचर टेड सिमन्सच्या नावावर २,४७२ हिट असूनही १९९४मध्ये त्याला ३.७ टक्केच मते मिळाली आणि किमान पाच टक्के मते मिळाली तरच नाव पुढच्या वर्षी राहते या अटीमुळे त्याचे नाव पहिल्याच वर्षी गळाले. पुढे २०१९च्या डिसेंबरमध्ये एका समितीने त्याची निवड केली. वर उल्लेख केलेल्या फ्रीहानला तर ११ वेळा ऑल-स्टार (हंगामातील निवडक खेळाडूंच्या संघात) असूनही एक टक्काही मते पडली नाहीत. मोलिनावर ही पाळी येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मोलिना पात्र असेल, तर न्यूयॉर्क यँकीज संघाचा कॅचर थर्मन मन्सन याला बाहेर का ठेवले?
– एक वाचक, शहादा

उत्तर : ठेवायला नको होते. मन्सन १९७६चा अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम खेळाडू होता आणि १९७७ व १९७८ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता. २ ऑगस्ट १९७९ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, स्वतःचे विमान उतरवण्याचा सराव करताना झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. जेमतेम ११ हंगामांत त्याचे 'वॉर' गुण ४६च्या आसपास पोहोचले होते, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या हिशेबाने ते मोलिनाच्याही पुढे आहेत. पत्रकारांच्या मतदानात मात्र तो १६ टक्क्यांपर्यंतही पोहोचला नाही. त्याची कारकीर्द लहान ठरली, हेच त्याच्याविरुद्धचे मुख्य कारण दिसते. मोलिनाला दीर्घ सेवेचे श्रेय द्यायचे, तर मन्सनची लहान पण अधिक तेजस्वी कारकीर्दही तितक्याच आस्थेने तपासली पाहिजे. आता त्याची निवड केवळ जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीकडूनच होऊ शकते, आणि त्या समितीने ती करावी.