वाचकांचे प्रश्न : सल्ला केंद्रातील विद्यार्थी आणि पक्षकार

प्रश्न : विधी महाविद्यालयाच्या मोफत सल्ला केंद्रातील विद्यार्थ्यांना न्यायालयात बाजू मांडता येत नसेल, तर पक्षकाराला त्यांचा उपयोग काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : सनदेविना वकिली करता येत नाही, हे खरेच, परंतु खटल्याचे बरेचसे काम न्यायालयाबाहेर, कागदपत्रांतच होत असते. पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडात फाशी ठोठावलेल्या एका कैद्याला दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९ए’ या केंद्राने साहाय्य केले. राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारीख ग्राह्य धरून, गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठरवले आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर त्याची सुटका झाली. (शाळेतील एका नोंदीला न्यायालयात मान्यता मिळायला इतकी वर्षे लागावीत, हे मात्र खेदाचेच.)

आपले प्रकरण साधे असले, तरी केंद्रात अर्ज नीट लिहून घ्यावा व तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो.