पार्टी येते, बघते, कळवतो म्हणते आणि परत फिरकत नाही

प्रश्न : ताई, डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, बाबांनी १९९३ मध्ये घेतलेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, आई आता माझ्याकडे पुण्यात असते, बहीण बडोद्याला. घर विकायला काढून ११ महिने झाले, ५८ लाख सांगतोय. वीसेक पार्ट्या येऊन गेल्या, सगळे छान आहे म्हणतात आणि मग फोनच नाही. एकाने ५८ ला हो म्हणून टोकनसुद्धा दिलं होतं, पण बँकेत अडकलं म्हणून परत मागितलं. शेजारचे काका म्हणतात किचन चुकीच्या दिशेला आहे म्हणून घर अडलंय. ते ऐकल्यापासून आई फार अस्वस्थ आहे. परत वास्तुशांत करून घेऊ का, की सरळ किंमत पाडू?

उत्तर : आधी आईंना सांगा की किचनचा यात काही दोष नाही. त्या किचनमध्ये त्यांनी तीस वर्षं स्वयंपाक केला, तुम्हा दोघांना वाढवलं, आता कुणीतरी येऊन त्या घरालाच नाव ठेवतं हे ऐकून त्यांना वाईट वाटणारच. त्यांच्या मनाला बरं वाटणार असेल तर पूजा जरूर करा, पण घर विकलं जावं म्हणून नको.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे त्या टोकनवाल्याची. त्याला घर आवडलं होतं, किंमत मान्य होती, पैसेही काढून दिले, आणि तरी व्यवहार मोडला, म्हणजे अडचण घरात नाही तर घराच्या फायलीत आहे. त्याला आजच फोन करा आणि बँक नेमकं काय म्हणाली ते विचारा, तो सांगेल, टोकन परत दिलंत तुम्ही त्याचं. माझा अंदाज असा की त्याला दोनपैकी एका जागी थांबवलं असणार, नाहीतर दोन्ही.

पहिली जागा वारसांची. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्यावर, नॉमिनी म्हणून आईंचं नाव लागलं असेल, आणि बहुतेक घरांत इथेच गैरसमज होतो, की नाव लागलं म्हणजे घर आईचं झालं. तसं नसतं हो. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि बहीण असे तिघं सारखे वारस, आजी हयात असतील तर त्याही. नॉमिनी फक्त सांभाळणारा. बँकेचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो की बाकीच्यांच्या सह्या कुठायत. आता कुणीतरी तुम्हाला सांगेल की बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या, एका दिवसाचं काम आहे. मला ते पटत नाही. तिला तिचा वाटा सोडायचाच असेल तर तो तिचा निर्णय, पण केवळ कागद सोपा व्हावा म्हणून बहिणीने हक्क सोडायचा हे मी कुणालाच सुचवणार नाही. तिला विक्रेती म्हणून करारात घ्या, तिची सही होऊ दे आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जाऊ देत. बडोदा काही लांब नाही, एक दिवस येऊन सही करून जाईल.

दुसरी जागा व्हॅल्युएशनची, आणि हा हिशोब पार्टी तोंडावर बोलून दाखवत नाही म्हणून तो आपल्या लक्षातच येत नाही. समजा बँकेच्या व्हॅल्युअरने तुमचं घर ४६ लाखांचं धरलं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ३६ लाख ८० हजार. तुम्हाला हवेत ५८, म्हणजे २१ लाखांच्या वर त्या माणसाने स्वतःच्या खिशातून काढायचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी वेगळी, रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळे, ब्रोकर वेगळा. वन बीएचके घेणारं जोडपं बहुतेक वेळा पहिलं घर घेत असतं, त्यांच्याकडे एवढी रोख कुठून येणार? त्यात इमारत तिशी ओलांडलेली, तर बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून कर्जाची वर्षं कमी करते आणि हप्ता फुगतो. मग ते घरी जाऊन कॅल्क्युलेटर काढतात आणि तुम्हाला फोन येत नाही.

तेव्हा किंमत पाडायच्या आधी खरी किंमत काय ते बघा. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, त्यात तुमच्या आसपासचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे सारांश, बघा, लोकांनी कितीला घर टाकलंय ते नको, कितीला रजिस्टर झालंय ते बघा. आणि घाईघाईने फार खालीही येऊ नका, कारण करारातली किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, हिशोबापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर तुम्हाला आणि घेणाऱ्यालाही त्या फरकावर इन्कम टॅक्स लागू शकतो. सीएला विचारूनच आकडा ठरवा.

कागदांत अजून एक. डोंबिवलीत सध्या गिऱ्हाईक जास्तच बिचकून आहे आणि त्याला कारण आहे. खोट्या परवानग्या दाखवून महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे, नंबर मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण झालं, २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितलं, आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली माणसं अक्षरशः रडत होती टीव्हीवर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पिणारच. तुमची इमारत १९९३ ची, तिचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण ते समोरच्याला कसं कळणार? मंजूर नकाशा, सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी), ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), बाबांचं पहिलं ॲग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स एका फायलीत लावा आणि घर दाखवताना टेबलावर ठेवा. ओसी सापडत नसेल तर सोसायटीकडे विचारा, नाहीतर महापालिकेत माहिती अधिकारात अर्ज करा. स्ट्रक्चरल ऑडिटही विचारा, तिशीपुढच्या इमारतीला उपविधीनुसार ते दर ३ वर्षांनी करायचं असतं, रिपोर्ट चांगला असेल तर तोच तुमची सगळ्यात मोठी जाहिरात.

जाहिरातीत कार्पेट एरियाच लिहा, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा. नव्या टॉवरवाल्यांना रेरामुळे कार्पेट सांगावा लागतो, आपण भिंती-जिना सगळं धरलेला जुना सेलेबल आकडा सांगतो, मग पार्टी टेप घेऊन येते आणि तिला आपण फसवतोय असं वाटतं. चार ब्रोकरकडे चार किमती फिरत असतील तर तेही बंद करा, एक धरा, फारतर दोन, पण आकडा एकच.

लिफ्ट नाही याचं काही करता येणार नाही, म्हाताऱ्या माणसांच्या पार्ट्या आणूच नका असं ब्रोकरला सांगा. पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, त्याने खचून जाऊ नका.

आणि एक विचारते, रागावू नका. बाबांची खोली अजून तशीच आहे ना? खुर्ची, चष्मा, औषधांचा डबा? मी माझ्या आईच्या घरी हेच केलं होतं, ठाण्याला, आठ महिने काही हलवलं नाही, आणि येणारा प्रत्येक जण दारातच आवाज खाली करायचा. एक शनिवार-रविवार बहिणीला बोलवा, आईंनाही न्या, तिघं मिळून आवरा. मग खिडक्या उघडा, छतावरचा ओलीचा डाग असेल तर वरच्यांना आणि सोसायटीला लेखी देऊन दुरुस्त करून घ्या, नुसता रंग मारून झाकू नका, पहिल्या पावसात तो परत येतो.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो, नाशिकचा फ्लॅट विकायचाय, चावी मामांकडे आहे. एनआरआय म्हटलं की पार्टी मागे सरते, असं का?

उत्तर : टीडीएसमुळे, म्हणजे घेणाऱ्याने पैसे देतानाच कापून सरकारला भरायच्या करामुळे. इथल्या माणसाकडून ५० लाख किंवा त्याहून जास्तीचं घर घेताना १ टक्का कापला की झालं, पण विकणारा अनिवासी असेल तर रक्कम कितीही असो, खूप जास्त दराने कापून भरावं लागतं आणि चुकलं तर खरेदीदाराच्या गळ्याशी येतं. म्हणून पार्टी शोधायला लागतानाच सीएशी बोला आणि व्यवहार ठरला की लगेच इन्कम टॅक्सकडून कमी टीडीएसचं प्रमाणपत्र काढा. मामांना द्यायचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये करून घ्या, ते महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, कपाटात ठेवून विसरू नका. आणि मामांना म्हणावं, आठवड्यातून एकदा जाऊन नळ सोडा, दारं उघडा, बंद घराचा वास पहिल्या मिनिटातच येतो.