बोर्डावरचा निघालेला दाणा कोणता?

प्रश्न : निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल (मॉडेल एचएसी-००१) चार्ज होत नव्हता म्हणून उघडला. यूएसबी-सी पोर्टजवळ एक काळी चौकोनी चिप आहे, भोवती तपकिरी दाणे. चिमटा लागून त्यातला एक दाणा निघाला. त्यावर काहीच छापलेलं नाही. चिप कोणती, दाणा कोणता आणि आता काय करू?

उत्तर : सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर काढलंय ना ते बघा. ते लावलेलं असताना बोर्डावर चिमटा फिरवू नका.

चिपवर तिरका उजेड पाडा आणि भिंगातून अक्षरं वाचा. एम९२टी३६ दिसलं तर ती चार्जरशी व्होल्टेज ठरवणारी चिप. बीक्यू२४१९३ म्हणजे बॅटरी चार्ज करणारी. तिच्या शेजारी करड्या रंगाची ठसठशीत कॉइल असते. पीआय३यूएसबी ही डॉककडे (कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडकडे) जाणारे सिग्नल वळवते. तिच्यावरचा ‘आय’ बरेच जण एक आकडा समजतात, मग शोधूनही सुटा भाग मिळत नाही.

तपकिरी, बिनअक्षरी दाणा म्हणजे सिरॅमिक कपॅसिटर. त्याची किंमत अंगावर छापलेली नसते आणि बोर्डावर असताना मीटरने मोजलेली खरी नसते, कारण त्याच लाइनवरचे बाकीचे कपॅसिटरही त्यात मोजले जातात. म्हणून दाणा रंगावरून नव्हे, जागेवरून ओळखायचा. त्याचा एक पॅड (बोर्डावरचा डागाचा ठिपका) ग्राउंडला आणि दुसरा पुरवठ्याच्या लाइनला असेल तर तो बहुधा गाळणीचा, म्हणजे पुरवठ्यातले चढउतार शोषणारा कपॅसिटर. याच मॉडेलच्या भंगार बोर्डावरून अगदी त्याच जागेचा दाणा काढून लावा. अंदाजाने दुसरा बसवू नका. आकार सारखा असला तरी व्होल्टेज क्षमता कमी निघाली तर १५ व्होल्टच्या लाइनवर तो शॉर्ट होऊ शकतो.

निघालेल्या दाण्यामुळेच चार्जिंग बंद आहे असं मात्र धरून चालू नका, बिघाड त्याआधीचा आहे. दाणा बसवल्यावर, मूळ चार्जर आणि मध्ये यूएसबी-सी मीटर लावून बघा. व्होल्टेज ५ वरच अडकलं, १५ वर गेलंच नाही, तर पहिला संशय एम९२टी३६ वर किंवा पोर्टवर. १५ होतात पण बॅटरी उतरलेली असूनही करंट जवळजवळ शून्य, तर बीक्यू२४१९३ आणि बॅटरीकडे वळा. एम९२टी३६ जाण्याचं एक कारण पोर्टमध्येच असतं : यूएसबी-सीमध्ये व्हीबस (वीज आणणारी) आणि सीसी (चार्जरशी बोलणी करणारी) या पिना शेजारी-शेजारी असतात. पिन वाकली किंवा हलक्या प्रतीचा डॉक तिरका बसला की १५ व्होल्ट थेट सीसीवर येतात आणि चिप जाते. त्यामुळे चिप बदलण्याआधी पोर्टची जीभ भिंगातून तपासा, नाहीतर नवी चिपही जाईल.

शॉर्ट शोधताना एक चूक फार होते. प्रोसेसरच्या मुख्य पुरवठ्याचा रोध चांगल्या बोर्डावरही खूप कमी असतो, तिथे मीटर वाजणारच. नुसत्या बीपवर जाऊ नका, ओहममध्ये आकडा वाचा आणि चांगल्या बोर्डाशी ताडून बघा.

स्टोरेजची छोटी वेगळी पट्टी जपून ठेवा. तिच्यातला डेटा त्याच कन्सोलच्या प्रोसेसरच्या किल्लीने कुलूपबंद असतो, दुसऱ्या कन्सोलची पट्टी लावून हा चालू होणार नाही.

प्रश्न : काळ्या दाण्यांवर १०३, ४आर७, ० असे आकडे आहेत. याचा अर्थ?

उत्तर : हे रेझिस्टर. १०३ म्हणजे १० पुढे ३ शून्यं, १०,००० ओहम. ‘आर’ हा दशांश चिन्हाच्या जागी, म्हणून ४.७ ओहम. ० म्हणजे नुसता जोड. कॉइलवर आर४७ असेल तर ०.४७ मायक्रोहेन्री.

प्रश्न : जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेममध्ये चिपच नाही, काळा थेंब आहे. तो दुरुस्त होतो का?

उत्तर : नाही. थेंबाच्या आत उघडी सिलिकॉन चकती बारीक तारांनी बोर्डाला जोडलेली असते. थेंब खरवडला की तारा तुटल्याच. मात्र थेंबच गेला असं धरण्याआधी ७८०५ रेग्युलेटरच्या (५ व्होल्ट स्थिर देणाऱ्या तीन पायांच्या भागाच्या) तिसऱ्या पायावर ५ व्होल्ट येतात का बघा आणि कॅसेटच्या ६० पिनांची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चित्र फुटतंय, हलतंय अशा तक्रारींमध्ये दोष बऱ्याचदा त्या खाचेतच सापडतो.